पाणी घट्ट करून द्या म्हणाले, पण किती घट्ट?

प्रश्न: ताई, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसणं) आहे. मऊ वरणभात नीट खातो पण पाणी, ताक दिलं की ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, छातीत कफ होऊन दोनदा ॲडमिट पण करावं लागलं. डॉक्टरांनी पावडर घालून पाणी घट्ट करून द्यायला सांगितलंय. पावडर महाग पडते, सासूबाई म्हणतात त्यापेक्षा नाचणीचं सत्त्व घाल. आणि जितकं घट्ट तितकं सेफ ना? कायमच असं द्यावं लागेल का?
— एक आई, सिंहगड रोड

उत्तर: आधी तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर देते कारण खरी गोची तिथेच होते. नाही, जितकं घट्ट तितकं सेफ असं अजिबात नाही. पातळ पाणी घशात पटकन उतरतं आणि श्वासनलिका बंद व्हायच्या आत काही थेंब तिकडे जातात, घट्ट केलं की वेग कमी होतो आणि बाळाला वेळ मिळतो, एवढंच पावडरचं काम. पण फार घट्ट झालं तर ते घशात चिकटून राहतं आणि गिळून झाल्यावर श्वासाबरोबर आत जाऊ शकतं. शिवाय मूल पितच नाही मग, शू पिवळी आणि कमी होते, शी कडक होते.

म्हणून डॉक्टरांना विचारा, "कुठली लेव्हल?" पेयांसाठी इड्सी नावाची ० ते ४ अशी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि ती घरी तपासता येते. १० मिलीची सिरिंज घ्या (सुई नको, आणि ० ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी आहे का ते पट्टीने बघा, सगळ्या सिरिंज सारख्या नसतात), दांडा काढा, खाली बोट लावून १० पर्यंत भरा, १० सेकंद बोट काढा, परत लावा. १ ते ४ मिली उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं तर ३, काहीच गळलं नाही तर ४. चमच्याने अंदाज घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि आजीने पाजलं काय, बाबांनी पाजलं काय, सगळ्यांचं एकसारखं होतं.

आता सत्त्व. सासूबाईंचं बरोबर आहे की ते पौष्टिक आहे, खाऊ म्हणून जरूर द्या. पण पाण्याच्या जागी नको. ते स्टार्च आहे, लाळ मिसळली की वाटीतच पातळ होत जातं, गार झालं की उलट घट्ट होतं, म्हणजे पहिला आणि शेवटचा घोट वेगळा. पोट भरतं ते वेगळंच, पाणी राहूनच जातं. घट्ट करायच्या पावडरी काही स्टार्चच्या असतात, काही झँथन गमच्या, म्हणजे एक प्रकारच्या डिंकाच्या. झँथन गमची पावडर लाळेने पातळ होत नाही. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबून मगच पाजा. शी साफ व्हायला पॉलिइथिलीन ग्लायकॉल देत असाल तर ते स्टार्चच्या पावडरीत मिसळू नका, सगळं पाण्यासारखं होतं.

घरात तान्हं बाळ असलेल्यांनी मात्र हे वाचून स्वतःच्या मनाने काही करू नका. आईच्या दुधातच स्टार्च मोडणारं एन्झाइम असतं त्यामुळे त्यात सत्त्व टिकत नाही. झँथनच्या एका जेलबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०११ मध्ये, ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना देऊ नका असं सांगितलं होतं, आतड्यांना गंभीर त्रास झाला म्हणून. आणि एक वर्षाच्या आत मध तर कशातच नाही.

कायम द्यावं लागेल का? बऱ्याच मुलांची लेव्हल नंतर कमी होते, काहींना लागत राहतं, पण ते तपासूनच ठरतं. ठसका थांबला म्हणजे सुटलो असं समजू नका, सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना पाणी आत गेलं तरी खोकलाच येत नाही. त्यासाठी व्हिडिओफ्लुरोस्कोपी असते, बेरियम मिसळून पाजतात आणि एक्सरेवर गिळणं चालू असताना दिसतं. झाली नसेल तर मागाच. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं स्पीच थेरपीचं कॉलेज आहे, तिथे गिळण्याबद्दल विचारा, आणि खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी असते.

तोवर मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने पाजणं आजच बंद करा, मान मागे गेली की पाणी सरळ ओतलं जातं. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटे घोट. कुल्फी, मस्तानी, कलिंगड तोंडात पातळच होतात हे विसरू नका, औषधाचं सिरप पण. आणि पाजल्यावर श्वास जोरात चालला, ओठ निळे दिसले किंवा ताप आला तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल.