पान 'पिकते' की नुसते पिवळे पडते?

साकोलीकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. भाषांतरित धड्यात 'शरद ऋतूत पाने लाल-पिवळी होऊन गळतात' असे वाक्य आहे. आपल्याकडे शरदात बांधीत धान उभे असते आणि जंगल हिरवेगार असते, मग हे वाक्य मुलांना कसे पटवायचे? आणि 'पान पिकले' हा शब्द विज्ञानाच्या तासाला चालेल का?

आधी ऋतूचे बघू. युरोप-अमेरिकेतला ऑटम सप्टेंबर ते नोव्हेंबरचा, म्हणून दिनदर्शिकेपुरता शरद जुळतो. तिथली झाडे दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की पाने टाकतात. आपले साग, मोह, पळस पाणी वाचवण्यासाठी टाकतात, तेही शिशिरापासून पुढे. त्यामुळे धड्यात 'शरद' न लिहिता 'थंड देशांतला पानगळीचा हंगाम' लिहावे.

'पिकणे' मात्र चालेलच, उलट मला तोच शब्द सर्वांत नेमका वाटतो. लग्नाच्या मांडवावर जांभळीच्या डहाळ्या टाकतात. चार दिवसांत त्यांची पाने कुरकुरीत होतात, पण फांदीला लटकूनच राहतात. आजी म्हणायची, "थे पिकलं नाही, वाळलं." यात सगळे आले. पानाचे पिकणे हे जिवंत झाडाचे काम आहे. झाड पानातले हरितद्रव्य मोडते, नायट्रोजन परत ओढून घेते आणि देठाच्या बुडाशी पान सुटण्याचा थर तयार करते. तोडून वाळत चाललेल्या फांदीला हे सगळे साधत नाही. हरितद्रव्य गेले की पानात आधीपासून असलेली पिवळी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये उघडी पडतात. केळाची साल पिवळी होते तीही अशीच. पानाला आणि केळाला एकच क्रियापद लावणाऱ्यांची नजर किती बारीक असेल!

(जाता जाता: हरितद्रव्य म्हणजे क्लोरोफिल, हरितलवक म्हणजे ते जिच्यात असते ती पेशीतली रचना. उत्तरपत्रिकांत या दोन शब्दांची फार सरमिसळ होते.)

लाल रंगाला मात्र 'पिकणे' पुरत नाही. मेपलसारख्या झाडांत लाल रंग देणारे अँथोसायनिन बहुतेक त्याच दिवसांत नव्याने बनते. पानात अडकलेली साखर, स्वच्छ ऊन आणि थंड रात्री त्याला पोषक ठरतात. हे नाव ग्रीकमधल्या 'फूल' आणि 'निळा' या शब्दांवरून आले, कारण फुलांचा निळा-जांभळा रंगही त्याचाच. जे नव्याने येते त्याला आपण 'चढणे' म्हणतो. म्हणून 'पानांवर लाली चढते' म्हणावे. आपल्याकडे कुसुम या जंगली झाडाच्या कोवळ्या पालवीवर अशी लाली दिसते, म्हणजे पान जन्मताना लाल आणि मग हिरवे.

तेव्हा धड्यातले वाक्य असे करता येईल: 'थंड देशांत पानगळीच्या हंगामात काही झाडांची पाने पिकून पिवळी होतात, काहींवर लाली चढते, आणि मग ती गळतात.' त्याच तासाला मुलांना एक मोडून वाळलेली डहाळी आणि एक गळलेले पिवळे पान हातात द्या, म्हणजे वाळणे आणि पिकणे यांतला फरक दिसेल.