एकटी बाई आणि खिडकीबाहेरचं जग

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी वीस मिनिटांचा लघुपट करायचं म्हणतोय. विषय शांतता, पात्र एकच. कन्नडमध्ये 'शांति' नावाचा असा एकपात्री चित्रपट आहे असं कळलं. कन्नड येत नसताना त्यातून काही घेता येईल का? आमच्या डोळ्यांसमोर पहाटेचा गोदाघाट, पाण्यातले दिवे आणि ध्यानाला बसलेली बाई आहे.
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आधी घाटाचं बोलते. पहाटेचं रामकुंड आणि पाण्यात सोडलेला दिवा आता लग्नाआधीच्या व्हिडिओवाल्यांनी पार झिजवून टाकलाय. शिवाय जी बाई पहिल्याच शॉटला शांत आहे, तिच्याकडे वीस मिनिटं कुणी का बघावं?

'शांति'मध्ये पडद्यावर एकटी अभिनेत्री भावना आहे. या एकटेपणाची गिनीज बुकात नोंद झाली आणि चर्चाही बरीचशी त्या विक्रमाचीच होत राहिली. मला दिग्दर्शक कोण हे जास्त महत्त्वाचं वाटतं. बरगूर रामचंद्रप्पा हे तुमकूर जिल्ह्यातले, कन्नडमधल्या बंडाय, म्हणजे बंडखोर, साहित्य चळवळीतलं मोठं नाव, 2016 च्या रायचूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जातीपातीच्या आणि अन्यायाच्या विरोधात लिहिण्यात हयात गेलेला माणूस शांततेवर सिनेमा काढतो, तेव्हा ती देवघरातली शांतता असेल असं समजू नका. भाषेची धास्ती सोडा. सबटायटलवाली प्रत मिळाली तर उत्तमच.

आपली मराठी माणसांची एक गोची आहे. एकपात्री म्हटलं की आपल्याला लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवतं. एक माणूस, बावन्न पात्रं. नट मान वळवतो, आवाज बदलतो आणि रंगमंचावर गर्दी होते. सिनेमात हे चालत नाही. कॅमेरा जवळ गेला की बदललेला आवाज खोटा वाटतो. तिथे एकटा माणूस एकटाच राहतो आणि बाकीचं जग आवाजातून, वस्तूंतून आत येतं. सुनील दत्तचा 1964 चा 'यादें' बघा. बायको-मुलं घर सोडून गेली असं समजणारा नवरा, बस्स. पाहुण्यांच्या जागी चेहरे रंगवलेले फुगे आहेत, मारिओ मिरांडांची व्यंगचित्रं आहेत, आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. दत्तसाहेब अधूनमधून फार रडतात, ते सोडून द्या. फुगे मात्र परत परत बघा.

मी वर्षानुवर्षं नाशिकच्या कालिदास कलामंदिरात आणि सायखेडकर नाट्यगृहात विंगेत बसून नाटकांचं पार्श्वसंगीत वाजवलंय, म्हणून कदाचित माझा कान आधी तिकडे जातो. पण तुम्ही राहता देवळालीत! तोफखान्याचा सराव सुरू असला की आवाज कुठवर येतो हे मी तुम्हाला सांगायला हवं का? शांततेवरचा लघुपट करायचा आणि तोफा ऐकत जेवणाऱ्या गावातून उठून गोदाघाटावर शूटिंगला जायचं, हे काही मला पटत नाही. बाई स्वयंपाकघरात दाखवा. लांबून धडाम होतं, मांडणीवरचे पेले किणकिणतात आणि ती डाळ निवडतच राहते. तिला त्याची सवय झालीय. मग एके दिवशी सराव नसतो आणि तिला चैन पडत नाही. का, ते तुम्ही तिघींनी शोधा. तिचा कोणी सीमेवर आहे असं मात्र करू नका, ते सगळ्यांना पहिल्या मिनिटाला कळेल.

तिचं कोणाशी तरी भांडण हवंच. फोनवरची बहीण, भिंतीपलीकडचा शेजारी, कोणीही. त्या माणसाचा आवाज ऐकवायचा की नाही, हे लिहितानाच ठरवा. माझं मत विचाराल तर ऐकवू नका. तिच्या उत्तरांवरून कळू दे.

कामाच्या चार गोष्टी. शूटिंगच्या वेळी फ्रिज आणि पंखा बंद करा. प्रत्येक खोलीत कोणीही न बोलता मिनिटभर नुसता आवाज भरून घ्या, त्याला रूम टोन म्हणतात. तो नसला तर एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली जागा मेल्यासारखी वाटते. तोफेचा आवाज मोबाइलवर नीट येणार नाही, फाटेल. तो सोडा, पेल्यांचा घ्या. आणि लष्करी हद्दीच्या आसपास कॅमेरा काढू नका, घरातच काम भागतं.

प्रश्न : 'यादें'च्या शेवटी नर्गिसची सावली दिसते. मग तो एकपात्री कसा?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : पात्रं मोजणाऱ्यांनी सावली धरली नाही. मी धरते. सगळा सिनेमा जिची वाट बघतो ती बाई आली, एवढं त्या सावलीने सांगितलं की झालं. चेहरा दाखवला असता तर आपण नर्गिसला बघत बसलो असतो.