शेअर बाजार : वाचकांच्या शंका

प्रश्न : सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने स्लॅक ही ऑफिसातल्या संदेशांच्या ॲपची कंपनी विकत घेतली तेव्हा स्लॅकचा भाव उसळला, सेल्सफोर्सचा मात्र पडला. सौदा एकच, मग असं उलटसुलट का? (वाचक, सांगली)

उत्तर : तारखा लावून पाहा. स्लॅक उसळली ती घोषणेच्या आधी, २५ नोव्हेंबर २०२० रोजी. बोलणी सुरू असल्याची बातमी फुटली आणि भाव एका दिवसात सुमारे ३८ टक्के चढला. सौदा जाहीर झाला १ डिसेंबरला. स्लॅकच्या एका शेअरमागे २६.७९ डॉलर रोख, अधिक सेल्सफोर्सचे ०.०७७६ शेअर. एकूण किंमत सुमारे २७.७ अब्ज डॉलर. म्हणजे घोषणा ऐकून स्लॅक घ्यायला धावलेल्यांसाठी ताटात फारसं उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेल्सफोर्स आठ टक्क्यांहून अधिक पडला. तोट्यातल्या कंपनीसाठी मोजलेली भरमसाट किंमत आणि नवे शेअर काढल्याने जुन्या भागधारकांचा पातळ होणारा वाटा ही कारणं उघड आहेत. पण सौद्याच्या घोषणेच्याच संध्याकाळी सेल्सफोर्सचे तिमाही निकालही आले होते आणि वित्तप्रमुखांच्या निवृत्तीची घोषणाही झाली होती. सगळं खापर स्लॅकवर फोडणं बरोबर नाही.

विक्रीचा आणखी एक दाब असतो, त्याचा मताशी संबंध नसतो. सौद्यातली किंमत आणि बाजारभाव यांतल्या फरकावर कमावणारे फंड स्लॅकचे १,००० शेअर घेतात आणि त्याच वेळी सेल्सफोर्सचे साधारण ७८ शेअर शॉर्ट करतात, म्हणजे उसने घेऊन विकतात; भाव पडला की त्यात फायदा होतो. गुणोत्तर ठरलेलं असल्याने सेल्सफोर्स १० डॉलरने घसरला, की स्लॅकच्या एका शेअरची सौद्यातली किंमत ७८ सेंटने कमी होते; शॉर्टमुळे ती भरून निघते. सौदा २१ जुलै २०२१ रोजी पूर्ण झाला. तोवरच्या प्रत्येक दिवशी ‘गुंतवणूकदार नाराज’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हे गुणोत्तर पाहायला हवं होतं.

प्रश्न : माझ्याकडे माइंडट्रीचे ४५ शेअर होते, ९८० रुपयांनी घेतलेले. आता एलटीआय माइंडट्रीचे ३२ दिसतात. बाकीचे गेले कुठे? (वाचक, ठाणे)

उत्तर : कुठेही गेले नाहीत. एलटीआय (लार्सन अँड टुब्रो इन्फोटेक) आणि माइंडट्री, दोन्हींची प्रवर्तक लार्सन अँड टुब्रोच. त्यामुळे इथे वरचढ बोली नव्हती, फक्त अदलाबदल होती. माइंडट्रीच्या १०० शेअरमागे एलटीआयचे ७३. विलीनीकरण १४ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालं, रेकॉर्ड डेट, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत हे ज्या दिवशी पाहतात ती तारीख, २४ नोव्हेंबर.

४५ गुणिले ०.७३ म्हणजे ३२.८५. अशा विलीनीकरणात सगळ्यांचे अपूर्णांक एकत्र करून विश्वस्तामार्फत बाजारात विकतात आणि रक्कम बँक खात्यात जमा होते. तुमच्या ०.८५चे पैसे आले का, ते त्या काळच्या पासबुकात तपासा. डीमॅटला जोडलेलं खातं बंद असेल तर रक्कम अडकते; कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे चौकशी करावी.

खरेदी किंमत मात्र नीट लिहून ठेवा. ४४,१०० भागिले ३२.८५ म्हणजे प्रति शेअर १,३४२.४७ रुपये. एकूण ४४,१०० पैकी सुमारे १,१४१ रुपये ०.८५ या अपूर्णांकाच्या वाट्याचे. तेवढ्यापुरता भांडवली नफा-तोटा त्याच वर्षी दाखवायचा असतो. अदलाबदलीवर कर नाही आणि धारणकाळ मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजतात. ब्रोकरच्या ॲपमध्ये सरासरी भाव शून्य किंवा नव्या शेअरच्या जमा तारखेचा दिसत असेल, तर जुनी काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली खरेदीची पावती) काढून तो हाताने दुरुस्त करा. नाहीतर विकताना नफ्याचा आकडा चुकीचा येईल.