थायरॉइडच्या सुजेवर सगळ्यांना एकच गोळी का देत नाहीत?

कारण ही सूज एका प्रकारची नसते. सोलापुरात माझ्या जाऊबाईंचा गळा सर्दी-तापानंतर असा दुखायला लागला की कडक भाकरी सोडाच, मऊ भातही गिळवेना. ती सबअक्यूट सूज, म्हणजे बहुधा विषाणूच्या आजारानंतर येणारी दुखरी सूज. तिला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, तेवढ्यानं भागलं नाही तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. धडधड असेल तर प्रोप्रॅनोलॉल. हार्मोन बनणं कमी करणारं कार्बिमाझोल इथे कामाचं नाही, कारण ग्रंथी जादा हार्मोन बनवत नसते, साठलेलं सांडत असते.

मला हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते. त्यात हार्मोन कमी पडलं की लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तेच हार्मोन गोळीतून, बहुतेकदा कायमचं. पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. चहा तासाभरानं, लोह-कॅल्शियम 4 तासांनी. ग्रंथीत पू झाला असेल तर मात्र अँटिबायोटिक्स, आणि लगेच दवाखाना. शेजारणीची गोळी कृपा करून सुरू करू नका, आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवा.