सांचीला जातोच आहोत, तर उदयगिरीची लेणी तासाभरात होतील का?

तुम्ही विचारलंय की सांची पाहून तासभर उरेल, त्यात विदिशाजवळची उदयगिरी लेणी होतील का, आणि आई-वडिलांना डोंगर चढवेल का. चढायची काळजी नको. बघण्यासारखं बरंचसं टेकडीच्या पायथ्यालाच आहे. सांचीहून 10-12 किलोमीटरचं अंतर. पण तासाभरात उरकू नका, कळकळीनं सांगतो. अख्खी सकाळ ठेवा. ऊन चढलं की दगड तापतो.

वेरूळचं कैलास डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर आधी हिरमोड होईल, माझाही झाला होता. लेणी वीस, पण बरीचशी एका खोलीएवढी आणि काही तर नुसते कोनाडेच. मात्र ही कैलासाच्या सुमारे साडेतीनशे वर्षं आधीची, गुप्तकाळातली. हे लक्षात घेऊन बघायला लागलो तेव्हा नजर बदलली.

सरळ पाच नंबरच्या वराहासमोर जा. दोन पुरुष उंचीचा वराह, डावा पाय शेषनागाच्या वेटोळ्यावर, हात गुडघ्यावर, आणि सुळ्याला धरून लोंबकळणारी इवलीशी भूदेवी. खाली नागानं हात जोडलेत. मागे ऋषींच्या रांगाच रांगा. बहुतेक जण इथे फोटो काढून निघतात. तुम्ही बाजूच्या भिंती बघा. मगरीवरची गंगा, कासवावरची यमुना, आणि दोघींचं पाणी नागमोडी रेघांनी वाहत एक होतं. पुढे त्या पाण्यात वरुण उभा आहे. दगडावरचं ते पाणी मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.

मग शेजारचं सहा नंबर. दाराशी द्वारपाल, विष्णू, महिषासुरमर्दिनी आणि एक ठेंगणा, मुकुट नसलेला गणपती. काळ नक्की सांगता येतो अशा आपल्याकडच्या सर्वांत जुन्या गणेशमूर्तींत त्याची गणना होते. काळ सांगता येतो तो मूर्तींच्या वर कोरलेल्या लेखामुळे. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या, सनकानिक कुळातल्या मांडलिकाचं हे दान, गुप्त संवत 82, म्हणजे इ.स. 401-402. आणि तिथी? आषाढ शुद्ध एकादशी. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपली आषाढी?" आणि तिथेच तिनं हात जोडले. आमच्या घरात वारी आहे, त्यामुळे सोळाशे वर्षांपूर्वीच्या दगडावर ती तिथी भेटणं आम्हाला फार आतपर्यंत पोचलं.

तेवढ्यासाठी तेरा नंबर चुकवू नका. तिथे शेषावर पहुडलेला लांबलचक विष्णू आहे, बराच झिजलेला. आषाढीलाच देव निजतात, त्यामुळे या दोन लेण्यांचा एकमेकांशी संबंध असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. मलाही ते पटतं. आम्ही गेलो तेव्हा काही लेण्यांना जाळीची दारं होती. पहारेकऱ्याला नीट विचारलं, तर त्यानं आपुलकीनं दाखवलं.

सात नंबरला लोक तवा लेणं म्हणतात, कारण माथ्यावर तव्यासारखी चपटी शिळा आहे. हे शंकराचं. चंद्रगुप्ताचा मंत्री वीरसेन, पाटलिपुत्राचा कवी, इथल्या लेखात सांगतो की सगळी पृथ्वी जिंकायला निघालेल्या राजाबरोबर मी इथे आलो आणि शंभूच्या भक्तीनं ही गुहा करवली. छतावर मोठं कमळ आहे, मान वर करून बघा. वीस नंबर जैन आहे, त्यातला लेख गुप्त संवत 106 चा.

वेळ उरला तर विदिशाकडे जाताना हेलिओडोरसचा खांब बघा. तक्षशिलेहून आलेल्या ग्रीक राजदूतानं वासुदेवासाठी उभारलेला गरुडध्वज. गावात विचारताना 'खांबबाबा' म्हणा.

आणि तिकीट काढताना, नकाशावर शोधताना 'विदिशा' जरूर लिहा. भुवनेश्वरजवळही उदयगिरी आहे, ती जैन लेणी वेगळी.