क्लोझापीनची भीती नेमकी कशाची?

या वेळी बरीचशी पत्रं एकाच औषधाबद्दल आली आहेत, म्हणून हा पूर्ण स्तंभ स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावरच्या क्लोझापीनलाच देतो आहे. या औषधाचं नाव निघालं की घरात पहिली धास्ती रक्ताची असते. ती अगदीच निराधार नाही. पण रक्तावर प्रयोगशाळेची नजर असते. पोट, सिगारेट आणि चुकलेल्या गोळ्या यांच्यावर मात्र घरच्यांनीच लक्ष ठेवायचं असतं, आणि नेमकं ते कुणी नीट सांगितलेलं नसतं.

प्रश्न: धाकट्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापीन झालं, तरी कानातले आवाज थांबत नाहीत. आता डॉक्टर क्लोझापीन सुचवताहेत. आईनं ऐकलंय की हे अगदी शेवटचं औषध आहे आणि त्यानं रक्तातल्या पेशी मरतात. होकार द्यावा का?

माझं मत विचाराल तर द्यावा. त्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या. आधीची दोन्ही औषधं पुरेशा डोसात, प्रत्येकी किमान सहा आठवडे, रोज पोटात गेली होती का? गोळी गालात धरून ठेवायची आणि मागाहून बेसिनमध्ये टाकायची, असं करणारे रुग्ण कमी नाहीत. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, पण मग त्या औषधानं गुण दिला नाही असंही म्हणता येत नाही. दोन्ही औषधं नीट घेऊनही आवाज तसेच असतील, तर तिसरं-चौथं त्याच जातीचं औषध देऊन बघण्यात वर्षं घालवू नयेत. क्लोझापीन बहुतेकांना फार उशिरा मिळतं आणि त्या उशिराची किंमत शिक्षण, नोकरी, नाती यांतून मोजावी लागते.

आईनं ऐकलेली गोष्ट खरी आहे, पण अर्धी. हे औषध १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात वापरात आलं. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या आठ रुग्णांचा पांढऱ्या पेशी एकाएकी घटून मृत्यू झाला आणि अनेक देशांतून ते मागे घेतलं गेलं. पुढचा अर्धा भाग असा: १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी, इतर औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता अशा २६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत क्लोझापीनवर ३० टक्के रुग्ण सुधारले, तर तुलनेसाठी दिलेल्या क्लोरप्रोमाझिनवर फक्त ४ टक्के. त्यानंतर १९८९ मध्ये, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर, अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. २००२ मध्ये तिथे स्किझोफ्रेनियातला आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठीही त्याला मान्यता मिळाली. आवाज त्याला स्वतःला इजा करायला सांगत असतील, तर निर्णय घेताना ही बाब फार मोलाची आहे.

आता रक्ताबद्दल. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरणं शंभरात एकापेक्षाही कमी जणांत घडतं आणि तेही बहुतेक वेळा पहिल्या अठरा आठवड्यांत. म्हणूनच सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करतात, मग दर पंधरा दिवसांनी आणि वर्षभरानंतर साधारण महिन्यातून एकदा. देशोदेशी वेळापत्रक थोडं वेगळं असतं. बहुतेक रुग्णांत रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल १५०० किंवा त्याहून जास्त असतील तरच औषध सुरू करतात, आणि १००० च्या खाली गेले तर थांबवतात. वेळेत थांबवलं की पेशी सहसा पुन्हा भरून येतात. अमेरिकेनं २०२५ मध्ये या तपासण्यांची सक्तीची नोंदणी व्यवस्था रद्द केली, पण तपासण्या करण्याची शिफारस कायम आहे. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी करून घ्यायची.

प्रश्न: प्रवासात पतीच्या गोळ्या घरीच राहिल्या. तीन दिवस खाडा झाला. ते रोज ४०० मि.ग्रॅ. घेतात. परत आल्यावर नेहमीचा डोस एकदम द्यायचा का?

नाही, अजिबात नाही. तुम्हाला उत्तर आधीच कळवलं होतं, इथे इतरांसाठी पुन्हा देतो.

क्लोझापीन सुरू करताना पहिल्या दिवशी १२.५ मि.ग्रॅ. एकदा किंवा दोनदा देतात, म्हणजे २५च्या गोळीची अर्धी. मग पायरीपायरीनं वाढवत साधारण ३०० ते ४५० पर्यंत नेतात. सर्वसाधारण वेळापत्रकात याला दोन आठवडे लागतात. मी स्वतः त्याहून सावकाश जातो, कारण घाईनं वाढवण्याचा फायदा थोडा आणि त्रास बराच. कमाल मर्यादा दिवसाला ९०० आहे, पण तिथवर जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. स्त्रियांना, वयस्कांना आणि सिगारेट न ओढणाऱ्यांना बहुधा कमी डोस पुरतो.

एवढं हळू जाण्याचं कारण म्हणजे शरीराला औषधाची सवय व्हावी लागते. खाडा दोन दिवस, म्हणजे ४८ तास किंवा त्याहून जास्त झाला, तर ती सवय मोडलेली असू शकते. अशा वेळी पूर्ण डोस घेतला तर रक्तदाब एकदम पडून माणूस कोसळू शकतो, श्वास मंदावू शकतो, फिट येऊ शकते. म्हणून पुन्हा १२.५ पासून सुरुवात करायची, डॉक्टरांना कळवूनच. आधी नीट सोसत असेल तर या वेळी पायऱ्या थोड्या भराभर चढता येतात. एखादीच मात्रा चुकली असेल तर पुढची नेहमीच्या वेळी घ्या. दोन एकत्र घेऊ नका.

आणि प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात नको.

प्रश्न: मुलगी आठ महिने क्लोझापीनवर आहे आणि खूपच सुधारली आहे. एक अगदीच किरकोळ प्रश्न. तिला चार-चार, पाच-पाच दिवस शौचाला होत नाही. तिची काही तक्रार नाही. पाणी जास्त प्यायला सांगू का?

या वेळच्या सगळ्या पत्रांत मला हेच पत्र सर्वांत गंभीर वाटलं, आणि त्यात ‘किरकोळ’ हा शब्द वाचून वाईट वाटलं, कारण तो शब्द तुमचा नाही. बद्धकोष्ठतेला किरकोळ समजायला तुम्हाला आम्ही डॉक्टरांनीच शिकवलं आहे.

क्लोझापीन आतड्यांची हालचाल मंदावतं. काही रुग्णांत ती जवळजवळ थांबते, आतडं फुगतं, त्याचा रक्तपुरवठा अडतो आणि माणूस दगावू शकतो. पांढऱ्या पेशींसाठी आपण दर आठवड्याला सुई टोचतो. पोटासाठी साधा प्रश्नसुद्धा विचारत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जानेवारी २०२० मध्ये याच कारणासाठी या औषधावरचा इशारा अधिक कडक केला. रुग्ण स्वतःहून तक्रार करेल अशी वाट बघू नका. काहींना आजारामुळेच पोटातलं दुखणं नीट जाणवत नाही किंवा सांगता येत नाही, आणि तरुण मुलगी आईजवळही हा विषय काढायला लाजते.

करायचं असं. आजच डॉक्टरांना फोन करा. पाणी वाढवून भागणार नाही. बहुतेकांना रोजचं पोट साफ करणारं औषध लागतं, सेन्नासारखं आतड्याला चालना देणारं किंवा मॅक्रोगॉलसारखं मळ मऊ करणारं, कधी दोन्ही. ते त्रास झाल्यावर घेण्याऐवजी क्लोझापीनच्या जोडीनंच सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या ईसबगोलवर विसंबू नका. आतडं मुळात ढिलं पडलेलं असताना त्यात आणखी चोथा भरून उपयोग होत नाही, उलट अडथळा वाढू शकतो. बाथरूमच्या दारामागे एक कॅलेंडर लावा आणि शौचाला झालं त्या तारखेवर तिनं स्वतःच खूण करायची. आठवड्यातून तीनपेक्षा कमी खुणा दिसल्या, किंवा दोन दिवस एकही नसली, तर फोन करायचा.

पोट फुगून कडक झालं, पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या, किंवा बद्धकोष्ठतेनंतर अचानक रक्ताचे अथवा पाण्यासारखे जुलाब झाले, तर थेट रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा की ही क्लोझापीनवर आहे. हे वाक्य तुम्हीच बोललं पाहिजे. तपासणारा डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ नसेल, तर हा संबंध त्याच्या चटकन लक्षात येईलच असं नाही.

प्रश्न: मी स्वतः रुग्ण आहे. बारा वर्षं सिगारेट ओढत होतो, गेल्या महिन्यात एका झटक्यात सोडली. तेव्हापासून दिवसभर गुंगी असते, चालताना तोल जातो. सिगारेट सोडण्याचा हा त्रास असेल का?

सिगारेट सोडलीत याबद्दल मनापासून अभिनंदन. पण ही गुंगी बहुधा सिगारेट सुटल्याची नाही, वाढलेल्या क्लोझापीनची आहे.

यकृतातलं जे रसायन, म्हणजे एन्झाइम, क्लोझापीनचा निचरा करतं, त्याचा वेग सिगारेटच्या धुरामुळे वाढतो. तुमचा डोस ठरला तेव्हा तो वाढलेला वेग धरूनच ठरला होता. धूर थांबला की आठवडाभरात वेग मंदावतो आणि तोच डोस रक्तात बराच जास्त साचू लागतो. काहींत दीडपट, काहींत दुपटीपर्यंत. त्यातून गुंगी, तोल जाणं, लाळ गळणं, प्रसंगी फिट. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनची चकती किंवा च्युइंगम घेतलं तरी पातळी वाढतेच.

डॉक्टरांना उद्यावर न ढकलता भेटा, रक्तातली क्लोझापीनची पातळी तपासा आणि डोस कमी करून घ्या. मनानं डोस तोडू नका, आणि कृपा करून यासाठी सिगारेट पुन्हा सुरू करू नका. जे अजून सोडायच्या विचारात आहेत त्यांनी तारीख ठरली की डॉक्टरांना आधी सांगावं. सिगारेट न सोडताही रुग्णालयात भरती झाल्यावर हेच घडतं, कारण तिथे ओढायला मिळत नाही.

याच एन्झाइमला सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लूवोक्सामिन हे औदासीन्यावरचं औषध अडवतं. चहा-कॉफी अचानक खूप वाढवली तरी थोडा फरक पडतो. जोराचा संसर्ग झाला की पातळी आपोआप चढते. कोणतंही नवं औषध लिहून घेताना क्लोझापीनचं नाव सांगा.

प्रश्न: पत्नीला औषध सुरू होऊन तिसरा आठवडा आहे. अंगात बारीक ताप आहे, नाडी ११० च्या आसपास असते. डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार आहेत.

पुढचा आठवडा नको, आजच. नाडी वाढणं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत थोडा ताप येणं हे बऱ्याच जणांत होतं आणि ओसरतं. पण हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा क्वचित होणारा गंभीर प्रकार याच काळात, पहिल्या दोन महिन्यांत, दिसतो आणि त्याची सुरुवातही अशीच असते. सीबीसी, ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी) एवढ्या तपासण्यांत बरंच स्पष्ट होतं. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर थेट तातडीच्या विभागात न्या.

प्रश्न: बहिणीची उशी रोज सकाळी लाळेनं ओली असते आणि चार महिन्यांत वजन नऊ किलो वाढलंय. ती म्हणते, यापेक्षा आवाज परवडले.

तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. औषध सोडून देण्यामागे बऱ्याचदा हीच कारणं असतात.

लाळेसाठी उशाकडची बाजू थोडी उंच करा, कुशीवर झोपायला सांगा, उशीवर टॉवेल घाला. डोस कमी करता येतो का ते विचारा. औषधंही आहेत, उदाहरणार्थ ग्लायकोपायरोलेट, पण ती बद्धकोष्ठता वाढवतात, म्हणून वर लिहिलेलं सगळं आणखी काटेकोरपणे पाळावं लागतं.

वजनाच्या बाबतीत ‘कमी खा’ हा सल्ला क्रूर आहे. हे औषध भूकच वाढवतं. जेवून उठल्यावरही पोट भरल्यासारखं वाटत नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध लवकर सुरू केलं तर वजनवाढीला काही प्रमाणात आळा बसतो. ते नऊ किलोंनंतर सुचवण्यापेक्षा तीन किलोंनंतर सुचवायला हवं होतं. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि कमरेचा घेर यांची सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग किमान दरवर्षी नोंद ठेवा.

प्रश्न: वडिलांना पार्किन्सन्स आहे, मानसिक आजार नाही. त्यांना खोलीत माणसं दिसतात म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांनी हेच औषध दिलंय. चूक तर नाही ना?

चूक नाही. बहुतेक अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरच्या, औषधांनी पार्किन्सन्सचा ताठरपणा वाढतो, क्लोझापीननं सहसा वाढत नाही. इथे डोस फार कमी असतो, बहुधा ५० मि.ग्रॅ.च्या आत. रक्ततपासण्या मात्र तशाच कराव्या लागतात, आणि रक्तदाब पडू शकतो म्हणून सकाळी त्यांना झटकन उठू देऊ नका. वडिलांना स्मृतिभ्रंशही असेल तर डॉक्टरांशी वेगळं बोला, कारण अशा वृद्धांमध्ये या गटातल्या सगळ्याच औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो.

प्रश्न: मुलाला दहा आठवडे झाले, डोस ३५० आहे. थोडी झोप सुधारली, बाकी फरक नाही. बंद करावं का?

इतक्यात नको. काहींना गुण यायला तीन महिने लागतात, काहींना सहा. शिवाय एकाएकी बंद केलं तर आवाज आधीपेक्षा जोरानं उसळू शकतात आणि मळमळ, घाम, निद्रानाश होतो. रक्तातल्या पेशींची, हृदयाची किंवा तशीच गंभीर अडचण असेल तेव्हाच ते एकदम थांबवतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

डोस वाढवण्याआधी रक्तातली पातळी बघा. ती ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असावी असं सर्वसाधारणपणे धरतात. एकाच डोसावर दोघांची पातळी अगदी वेगळी निघू शकते, त्यामुळे तुमच्या मुलाला ३५० मि.ग्रॅ. पुरेसं आहे की अपुरं हे गोळ्या मोजून कळणार नाही. रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचं असतं. तो सकाळीही गोळी घेत असेल, तर त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घ्यायची.