देशी कपाशीत २६ क्रोमोसोम (गुणसूत्रं) आणि अमेरिकन कपाशीत ५२, हे दुप्पट कसं झालं आणि उत्क्रांतीत त्याचा फायदा काय?
दोन वेगळ्या कपाशींचा संकर होऊन त्यांचा अख्खा जीनोम (सगळ्या जीनचा म्हणजे जनुकांचा संच) डबल झाला म्हणून ५२, आणि मोठा फायदा हा की प्रत्येक जीनची जादा कॉपी मिळते, एक कॉपी जुनं काम सांभाळते नि दुसरी बदलायला मोकळी राहते. मी चोपड्याला अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवतो, आपल्याकडची पोरं कपाशीतच वाढलेली म्हणून हेच उदाहरण घेतो. साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कपाशीच्या नात्यातली एक जात अमेरिकेतल्या रानटी कपाशीशी जुळली, नुसता संकर वांझच राहिला असता कारण क्रोमोसोमला जोडीदार मिळत नाही, पण सगळा सेट डबल झाला आणि प्रत्येकाला जोडी मिळाली, बी धरू लागलं. भारी गोष्ट म्हणजे त्या रानटी बाजूला सूत काढण्याजोगा कापूसच येत नाही, तरी धाग्यावर परिणाम करणारे बरेच जीन तिच्याच सेटमध्ये सापडलेत! आज शेतात असलेली बहुतेक सगळी बीटी याच ५२ वाल्या जातीची. जीन डुप्लिकेशनचा हा विचार जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये नीट मांडला.

फक्त डबल झालं म्हणजे फायदाच असं नाही, जादा कॉप्या बहुतेक वेळा बिघडून गळून जातात, आणि सेटची संख्या विषम झाली तर बी धरतच नाही. रावेर-यावलची ग्रँड नैन केळी घ्या, तिच्यात ११ चे ३ सेट म्हणजे ३३ क्रोमोसोम, आडवी कापली की मधे बारीक काळे ठिपके दिसतात ते न वाढलेलं बीच, म्हणून लागवड कंदाने नाहीतर टिश्यू कल्चरच्या रोपांनी करावी लागते.